एका फलाटावर दोन गाड्या

भोंगाबाईंना स्वतःचं एक चांगलं नाव होतं, पण ते हजेरीपटावर राहायचं आणि तिथेच सुखी होतं. बसस्थानकातले ड्रायव्हर, कंडक्टर, कँटीनवाला, झाडलोट करणाऱ्या बाया, सगळे त्यांना तोंडावर भोंगाबाईच म्हणत. त्यांनाही त्याचं काही वाटत नसे. उलट कुणी नवखा चाचरत "मॅडम" म्हणाला, तर त्याच मागे वळून बघत, या मॅडम कुठून आल्या म्हणून.

बावीस वर्षं त्या स्थानकाच्या माडीवरच्या काचेच्या खोलीत बसून गाड्यांच्या घोषणा करत होत्या. खाली बारा फलाट आणि वर एक आवाज. आवाज असा की, "सात नंबरवर लागलेली बंदराची गाडी" एवढं ऐकलं की समोरच्या न्हाव्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावरच थबकायचा, आणि बाकावर घोरत पडलेला माणूस ताडकन उठून, जायचं नसलं तरी बंदराच्या गाडीत चढायचा. डोंगराच्या गाडीचे ड्रायव्हर मामा म्हणजे स्थानकातलं सगळ्यात जुनं खोड. पहिला पुकारा झाला की ते चहा मागवत आणि दुसरा झाला की कप अर्धा ठेवून उठत. तिसरा पुकारा करायची वेळ बावीस वर्षांत आली नव्हती.

बाईंच्या राज्यात कायदा एकच: एका फलाटावर एका वेळी एकच गाडी. मागे एकदा त्या रजेवर असताना बदली माणसाने बंदराची आणि डोंगराची गाडी एकाच फलाटाला लावली. परिणामी एक आजी डोंगरमाथ्यावर पोचल्या आणि तिथून त्यांनी स्थानकात फोन केला, "अहो, मी पोचले, पण इथला समुद्र कुठे नेलात?" तेव्हापासून बाईंनी रजा घेणंच कमी केलं.

त्यांच्यापुढे एक उशीरवही असे. कुठली गाडी किती वाजता आली, किती मिनिटं उशिरा आली आणि का, हे त्या बारीक अक्षरात टिपून ठेवत. गाडी महिनाभर रोज उशिरा येत असली, तर ड्रायव्हरशी भांडायच्या आधी त्या वही उघडून बसत. "माणूस खोटं बोलतो, वेळ बोलत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

घरी त्यांचे यजमान शिलाई मशीन दुरुस्त करत. पुढच्या खोलीत मशीनं, मागच्या खोलीत संसार आणि दोन्हीकडे तेलाचा वास. गल्लीत त्यांना मशीनवाले म्हणत. जगातल्या प्रत्येक बिघाडाचं मूळ तेलाच्या अभावात आहे, असा त्यांचा सिद्धांत होता. दार करकरलं, तेल. घड्याळ मागे पडलं, तेल. बायकोने माइकवर पहिला दिवस काढला आणि घसा कोरडा पडून घरी आली, तेव्हा ते म्हणाले, "तिथे तेल घालता येत नाही, दूध घालू." दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता त्यांनी ग्लासभर गरम दूध आणून पुढे केलं आणि ती ते संपवेपर्यंत उभे राहिले. तेव्हापासून बावीस वर्षांत एक दिवस चुकला नाही. कडाक्याचं भांडण झालं तरी अबोल्यातलं दूध यायचंच, फक्त ग्लास जरा जोरात आपटला जायचा. त्या घरात ते दूध म्हणजे खाणं नव्हतं आणि पिणंही नव्हतं. ती यंत्राची देखभाल होती.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना बाईंची गाडी मंदावली.

आधी थंडी आली. भर उन्हाळ्यात खालचे कंडक्टर कागदाने वारा घेत होते आणि वर काचेच्या खोलीत भोंगाबाई स्वेटर घालून, पंखा बंद करून बसल्या होत्या. मग झोप आली. नऊ तास झोपूनही सकाळी पलंगाच्या कडेला बसून त्या चपलांकडे बघत राहायच्या, जणू चपलाच कंटाळून आपणहून पायात येतील. जेवण कमी झालं आणि वजन वाढलं. चेहरा सुजल्यासारखा दिसायला लागला, कातडी सुकली, कंगव्यात केसांचं घरटं निघू लागलं. पोटाचं तर सगळं वेळापत्रकच कोलमडलं. तीन-तीन दिवस तिथून एकही गाडी सुटायची नाही.

नणंदबाई दोन गल्ल्या सोडून राहत. त्यांना प्रत्येक दुखण्याचं कारण आधीच ठाऊक असे.

"वय झालं, वहिनी," त्या म्हणाल्या. "चाळिशीनंतर हाडं हलकी होतात."

"हाडं हलकी होतात, मग मी जड कशी झाले?"

"तेच तर! हाडांचं जिथे कमी होतं, ते शरीर दुसरीकडे भरून काढतं." एवढं सांगून त्यांनी पर्समधून कॅल्शियमच्या गोळ्यांची बाटली काढली. "रोज एक. दुधाबरोबर घे, म्हणजे दुप्पट लागू पडते."

मशीनवाल्यांनी लगेच दुधाचा मोठा ग्लास काढला. रोग म्हशीला आणि इलाज पखालीला, पण पखाल मात्र अगदी प्रेमाने भरली जात होती.

शेवटी आवाज गेला. एकदम गेला असता तर घसा बसला म्हणून आठ दिवस रजा तरी मिळाली असती. तो हळूहळू जाड झाला, जड झाला, सेल उतरलेल्या टेपरेकॉर्डरसारखा खाली खाली घसरत गेला. "बंदराची गाडी" म्हणायला लागायचा तेवढ्या वेळात बंदराची गाडी निघूनही जायची. एकदा तर माइक सुरू केला आणि फलाटाचा नंबरच डोक्यातून पळाला. बारा फलाटांवरची माणसं वर बघत राहिली आणि बाई खाली. त्याच आठवड्यात मामांसाठी तिसरा पुकारा करावा लागला. मामा धावत माडीवर आले.

"बाई, तुम्ही होतात होय? मला वाटलं कोणी दुसराच गडी बोलतोय. मी म्हटलं, बोलू दे, आपली बाई बोलली की उठू."

त्यावर सगळे हसले. बाईही हसल्या, पण डोळ्यांना ते हसू पोचलं नाही.

मग तक्रारपेटीत चिठ्ठी आली: 'आपण नेमलेला नवा पुरुष निवेदक बहुधा झोपेत बोलत असावा. चौकशी व्हावी.' स्थानकप्रमुखांनी बाईंना बोलावून घेतलं. गृहस्थ सज्जन होते आणि वाईट बातमी सांगायच्या आधी टेबलावरची पेनं सारखी करत. त्या दिवशी त्यांनी ती तीनदा सारखी केली.

"बसा ना, भोंगाबाई."

"उभ्यानेच सांगा, साहेब. बसले की झोप लागते."

"नवं वेळापत्रक सहा महिन्यांनी लागेल. तोवर तुम्ही खाली चौकशीच्या खिडकीत बसा. आवाज परत आला, तर माइक तुमचाच. नाही आला, तर… खिडकीही काही वाईट नाही. ऊन येतं."

"किती दिवस?"

"म्हणजे… निवृत्तीपर्यंत."

काचेच्या खोलीत एक तरुण कारकून बसला. तो घोषणा अशा करायचा, जणू नापास मुलांची यादी वाचतोय. भोंगाबाई खिडकीमागे स्वेटर घालून बसल्या. लोक यायचे, "किती वाजता?" विचारायचे, त्या सांगायच्या आणि लोक म्हणायचे, "काय?"

चौथ्या दिवशी मामा खिडकीत डोकं घालून म्हणाले, "एक विचारू? रागावू नका. चढावर गाडी ओढत नसली, तर मी सीटची गादी बदलतो का?"

"नाही."

"आरशाला फडकं मारतो का? नाही. बॉनेट उघडतो. तुम्ही बॉनेट उघडलंत का?"

दुसऱ्या दिवशी बाई डॉक्टरीणबाईंकडे गेल्या.

डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या आणि प्रश्न भराभर विचारत. थंडी वाजते? वजन? पोट? झोप? विसरायला होतं? बाई प्रत्येकाला "हो" म्हणत गेल्या आणि शेवटी म्हणाल्या, "तुम्ही आमच्या नणंदेला भेटलात का?" डॉक्टरीणबाईंनी गळ्यावर बोटं ठेवून आवंढा गिळायला लावला. मग घोट्याच्या मागे छोट्या हातोडीने टिचकी मारली. पाऊल उडालं खरं, पण परत जागेवर यायला त्याने एवढा वेळ घेतला की दोघीही त्याच्याकडे कौतुकाने बघत राहिल्या. रक्त गेलं, दोन दिवसांनी कागद आला.

"तुमची थायरॉइड ग्रंथी सुस्तावली आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गळ्यात असते ती. शरीराचा वेग तिच्या रसावर चालतो. हा आकडा बघा, टीएसएच. साधारण चारच्या आत हवा, तुमचा बासष्ट आहे."

"म्हणजे जास्त झालाय? मग ती सुस्त कशी?"

"हा आकडा ग्रंथीचा नाही, मेंदूकडून तिला जाणाऱ्या निरोपाचा आहे. ग्रंथी काम करत नाही, म्हणून वरून तिला सारखं ओरडून सांगावं लागतंय."

बाईंनी त्या आकड्यावर बोट ठेवलं. मग कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा खुलला. "अहो, म्हणजे वर निवेदक पुकारे करून करून दमलाय आणि ड्रायव्हर चहाला बसलाय!"

"अगदी बरोबर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि हे वाक्य पुढच्या पेशंटसाठी मनात ठेवून दिलं. "आता त्या ड्रायव्हरचं काम गोळी करेल. सकाळी उठल्याबरोबर, उपाशीपोटी. सात आठवड्यांनी परत रक्त बघू. फरक हळूहळू पडतो, धीर धरायचा."

"किती दिवस घ्यायची?"

"बहुतेक कायमची."

बाईंचा चेहरा पडला. डॉक्टरीणबाईंनी नाकावरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हा मी आठवीपासून लावते. मी आजारी दिसते का? लावला की जग दिसतं, एवढंच."

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मशीनवाले दूध घेऊन उभे राहिले. बाईंनी नवी गोळी जिभेवर ठेवली, जोडीला नणंदेची कॅल्शियमची गोळी ठेवली आणि दोन्ही दुधाच्या एका घोटात आत ढकलल्या. उपाशीपोटीचा नियम मोडला, असं कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. पोटात अन्नाचा कण नव्हता. दूध होतं, पण दूध ही देखभाल.

सात आठवड्यांनी आकडा आला पंचावन्न. डॉक्टरीणबाईंनी गोळी वाढवली. आणखी सात आठवड्यांनी आकडा आला एक्कावन्न. स्वेटर अंगावरच होता, झोप डोळ्यांवरच होती आणि सहा महिन्यांतले जवळजवळ चार निघून गेले होते. वरून त्या कारकुनाचा आवाज आला, "सात नंबर… नाही, आठ नंबर…" आणि बाईंनी खिडकीतला पडदा ओढून घेतला.

"खरं सांगा, गोळ्या घेता ना रोज?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"बावीस वर्षांत मी गाडी चुकवली नाही, गोळी चुकवीन?" बाईंना राग आला, पण आवाजच असा निघाला की तो राग माफी मागितल्यासारखा वाटला.

"मग कुठेतरी काहीतरी अडतंय. आज पुन्हा वाढवून देत नाही. आधी तुमची सकाळ मला लिहून आणून दाखवा, सगळी, मिनिटामिनिटाने."

घरी येऊन बाई हातपाय गाळून बसल्या. मशीनवाले पुढच्या खोलीत एका मशीनची सुई बदलत होते. ते न बघता म्हणाले, "अगं, उद्यापासून दुधाचा मोठा पेलाच काढतो."

बाईंनी पिशवीतून जुनी उशीरवही काढली. माइक गेला तरी वही त्यांनी कारकुनाला दिली नव्हती, त्याला नवीन घे म्हणून सांगितलं होतं. कोऱ्या पानावर त्यांनी सवयीने रकाने आखले: वेळ, गाडी, फलाट, शेरा. आणि लिहायला घेतलं.

पाच वाजता: थायरॉइडची गोळी. फलाट: तोंड.

पाच वाजता: कॅल्शियमची गोळी. फलाट: तोंड.

पाच वाजता: दूध, एक ग्लास, मोठा. फलाट: तोंड.

शेऱ्याच्या रकान्यापाशी पेन थांबलं. बाईंनी तिन्ही ओळी पुन्हा वाचल्या. नवीन ड्रायव्हरला अशी चूक करताना त्यांनी बघितलं असतं, तर माइकवरून त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "एका फलाटावर तीन गाड्या लागतायत."

"कुठल्या फलाटावर?"

"माझ्या!"

दुसऱ्या दिवशी वही बघून डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला आणि मग तोच हात बाईंच्या हातावर ठेवला. "चूक माझीही आहे. मी उपाशीपोटी म्हटलं आणि तुम्हाला कळलं असं धरून चालले. दुधातलं आणि त्या गोळीतलं कॅल्शियम आपल्या गोळीला धरून ठेवतं, रक्तात उतरूच देत नाही. गोळी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची. मग तासभर काही नाही. कॅल्शियम चार तासांनी, तेही लागत असेल तर; ते मी तपासून सांगेन. आणि वाढवलेली गोळी बंद, परत पहिलीच. आता ती सगळी पोचायला लागेल, उगाच उतारावर गाडी सुटायला नको."

घरी हे सांगणं मात्र सोपं नव्हतं. बाईंनी दोन वेळा तोंड उघडलं आणि दोन वेळा मशीनच्या तेलाविषयी विचारलं. शेवटी सरळ सांगून टाकलं. मशीनवाले ऐकत राहिले. हातातला पाना त्यांनी खाली ठेवला, परत उचलला, परत ठेवला.

"म्हणजे चार महिने मीच तुझं औषध वाया घालवत होतो."

"तुम्ही कशाला? दूध घालवत होतं."

"दूध कोण आणत होतं?"

"बावीस वर्षं त्याच दुधावर बोलले मी. त्याचं काय?"

त्यावर ते पाना उचलून मशीनकडे वळले. रात्री जेवताना एकदाच म्हणाले, "तेल चांगलं असतं गं. चुकीच्या वेळी घातलं की मात्र कापड खराब करतं."

पहाटे पाचला बाईंनी डोळे उघडले, तर ते नेहमीच्या जागी उभे. हातात तोच ग्लास. आत पाणी.

"घे. आणि ते संपेपर्यंत मी इथेच आहे."

दुधाचं काय करायचं, हेही त्यांनी ठरवून टाकलं होतं. डॉक्टरीणबाईंनी तासाभरानंतरची मुभा दिली होती, पण मशीनवाल्यांनी जन्मात कधी स्क्रू अर्धवट पिळला नव्हता. "कॅल्शियमला चार तास ना? दुधात काय दगड असतो का? नऊ वाजता." आणि ते रोज नऊच्या ठोक्याला थर्मास घेऊन चौकशीच्या खिडकीपुढच्या रांगेत उभे राहू लागले. पहिल्या दिवशी बाई वर न बघता म्हणाल्या, "कुठे जायचंय?" ते म्हणाले, "घरी. पण तू हे प्यायल्यावर."

नणंदबाईंनी बाटली परत पर्समध्ये टाकली आणि सांगितलं, "मी तेव्हाच म्हणाले होते, वहिनी, हे थायरॉइडचं आहे." त्यावर कुणी वाद घातला नाही.

गाडी हळूहळू हलली. तिसऱ्या आठवड्यात पोटाची पहिली गाडी वेळेवर सुटली; बाईंनी वहीत तीही नोंदवली. पाचव्या आठवड्यात त्यांनी स्वेटरची वरची दोन बटणं काढली, सहाव्यात स्वेटर खुर्चीला टांगला, आणि सातव्यात पंख्यावरून शेजारच्या तिकीट कारकुनाशी असं काही भांडण केलं की त्याने आनंदाने जाऊन मामांना सांगितलं, "बाई बऱ्या होतायत, आज मला गाढव म्हणाल्या!" केस अजून गळत होते, पण घरट्याऐवजी काडी-काडी. आकडा आला सहा. डॉक्टरीणबाईंनी कागद उलटा धरला की काय, असं बाईंना वाटलं.

आवाज मात्र सगळ्यात शेवटी निघाला. बाई मागच्या खोलीत दार लावून, कपाटाकडे तोंड करून बोलून बघत. "बंदराची गाडी." जाड. चार दिवसांनी, "बंदराची गाडी." जरा बरी. एका सकाळी त्यांनी तेच म्हटलं आणि पुढच्या खोलीत मशीनवाल्यांच्या हातातून बाटली निसटून सगळं तेल जमिनीवर सांडलं. ते आत आले आणि म्हणाले, "सांडू दे. परत म्हण."

नवं वेळापत्रक लागायच्या दिवशी स्थानकप्रमुखांनी पेनं सारखी केली आणि बाईंना वर पाठवलं. "एक पुकारा करा. मी खाली उभा राहून ऐकतो. मनावर दडपण घेऊ नका," असं म्हणताना त्यांच्याच कपाळावर घाम होता. काचेच्या खोलीत कारकुनाने खुर्ची इतक्या घाईने सोडली की त्याची सुटका झाल्याचं स्पष्ट दिसलं.

बाई बसल्या. तळहाताला घाम आला होता, आणि घाम येतोय याचंच त्यांना बरं वाटलं. त्यांनी माइकचं बटण दाबलं.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. डोंगराला जाणारी गाडी फलाट क्रमांक पाचवर लागली आहे."

आवाज पूर्वीचा नव्हता. एखाद्या पायरीने खाली उतरला होता आणि त्याला कडेला किंचित खरखर होती. पण शब्द शब्दापासून वेगळा आला, बाराव्या फलाटापर्यंत गेला आणि भिंतीवर आपटून परत आला. समोरच्या न्हाव्याने दारात येऊन वर पाहिलं. कँटीनमध्ये मामांनी चहा मागवला.

बाईंनी घड्याळात दोन मिनिटं मोजली. ही दोन मिनिटं मागच्या सहा महिन्यांपेक्षा लांब होती.

"डोंगराची गाडी, फलाट क्रमांक पाच. ड्रायव्हरने गाडीवर यावे."

कँटीनचं दार उघडलं. मामा बाहेर आले. त्यांच्या मागे टेबलावर, काचेतून बाईंना स्वच्छ दिसला, अर्धा भरलेला कप. मामांनी वर बघून सलाम ठोकला आणि बोट दाखवलं: दोन. तिसरा लागला नाही.

खाली स्थानकप्रमुख रुमालाने कपाळ पुसत होते. त्यांनी दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवल्या, मग पदाची आठवण होऊन एक हात खाली घेतला.

आणि तेवढ्यात बाईंना चौथ्या फलाटाच्या टोकाला एक ओळखीची मूर्ती दिसली. हातात थर्मास, मान वर, तोंड उघडं. भिंतीवरच्या घड्याळात साडेआठ वाजले होते. त्या दिवशी ते धाकधुकीपायी अर्धा तास आधीच निघाले होते, हे कुणीही सांगितलं असतं. बाईंनी पुन्हा बटण दाबलं.

"फलाट क्रमांक चारवर थर्मास घेऊन उभ्या असलेल्या गृहस्थांनी कृपया लक्ष द्यावे. आपली गाडी नऊ वाजताची आहे. तोवर बाकावर बसावे."

बारा फलाटांवरची माणसं चौथ्या फलाटाकडे बघू लागली. मशीनवाले लाजून लाल झाले, बाकावर बसले आणि थर्मास मांडीवर घेऊन, झाकण घट्ट आहे ना ते बघत, नऊ वाजायची वाट पाहू लागले.